टर्बो मोटारीतील डंप व्हॉल्व्ह : बाहेर सोडलेल्या हवेचा हिशेब

वेगात जाणाऱ्या एखाद्या पेट्रोल मोटारीचा चालक गिअर बदलण्यासाठी ॲक्सिलरेटरवरील पाय उचलतो आणि त्याच क्षणी बॉनेटखालून 'फिस्स' असा मोठा आवाज येतो. ट्रकच्या किंवा एस. टी. बसच्या हवेच्या ब्रेकमधून निघणाऱ्या आवाजाशी त्याचे साम्य असते. मात्र या आवाजाचा ब्रेकशी काहीही संबंध नसतो. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनातील दाबाखालची हवा उघड्यावर सोडली गेल्याचा तो आवाज होय.

हा आवाज अनेक तरुण मोटारधारकांना आकर्षक वाटतो. शर्यतीच्या मोटारींतून तसाच आवाज येत असल्यामुळे तो सामर्थ्याची खूण समजला जातो. कारखान्यातून आलेली गाडी असा आवाज सहसा करीत नाही. म्हणून बाजारातून निराळी झडप विकत आणून ती बसवून घेतली जाते. या झडपेला 'डंप व्हॉल्व्ह' अथवा 'ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह' असे म्हणतात. हे काम अर्ध्या तासात होते आणि वरकरणी निरुपद्रवीही वाटते. हवाच तर बाहेर सोडायची आहे, तिने कोणाचे काय बिघडणार, असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. अनेक मोटारींत ही हवा बाहेर जाण्यापूर्वीच मोजली गेलेली असते आणि तिच्यासाठी लागणाऱ्या पेट्रोलचा हुकूमही सुटलेला असतो. हवा निघून जाते, पेट्रोल मात्र इंजिनात येते. या एका विसंगतीतून पुढील बहुतेक दोष उद्भवतात. ते समजण्यासाठी टर्बोचार्जरची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

टर्बोचार्जरचे कार्य

इंजिनाची शक्ती त्यात जळणाऱ्या इंधनावर अवलंबून असते आणि किती इंधन जळू शकेल हे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेवरून ठरते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानाच्या भाषेत सांगावयाचे तर एक लिटर पेट्रोलला सुमारे ९,००० लिटर हवेची गरज असते. साधे इंजिन ही हवा आपल्या पिस्टनच्या ओढीने आत घेते. त्यामुळे ते किती हवा घेऊ शकेल याला त्याच्या आकाराची मर्यादा पडते.

टर्बोचार्जर ही मर्यादा ओलांडण्यास साहाय्य करतो. इंजिनातून बाहेर पडणारा उष्ण धूर सायलेन्सरकडे जाण्यापूर्वी एका छोट्या चक्रावर सोडला जातो. हे चक्र म्हणजे टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चक्र असते. टर्बाइन फिरू लागले की कॉम्प्रेसरही फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे पाठवितो. मोटारीच्या छोट्या टर्बोचार्जरचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. दाबल्यामुळे तापलेली हवा इंटरकूलर नावाच्या जाळीदार पेटीतून नेऊन थंड केली जाते आणि मग थ्रॉटलच्या झडपेतून सिलिंडरकडे सोडली जाते. जो धूर एरवी आपल्याबरोबर ऊर्जा घेऊन वाया गेला असता, त्याच्याकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती आहे.

ही कल्पना नवी नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाच्या लिबर्टी इंजिनावर टर्बोचार्जर बसवून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर त्याची चाचणी घेतली. विरळ हवेतही इंजिनाची शक्ती टिकविता येते हे या चाचणीने दाखवून दिले. प्रवासी मोटारींत हे यंत्र १९६२ साली अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेर या गाड्यांद्वारे आले. युरोपात बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९७३ साली आणि साब कंपनीने १९७७ साली टर्बो मोटारी पुढे आणल्या. १९७७ सालीच रेनॉ कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीत टर्बो इंजिन उतरविले आणि १९७९ साली फ्रेंच ग्रां प्रीमध्ये त्या इंजिनाने पहिला विजय मिळविला. टर्बो म्हणजे वेग, हे समीकरण लोकांच्या मनात रुजले ते याच काळात.

पाय उचलल्यावर काय घडते

चालक जोरात वेग वाढवीत असतो तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडा असतो आणि कॉम्प्रेसर त्यातून हवा ढकलीत असतो. अशा वेळी त्याने अचानक पाय उचलला तर थ्रॉटल मिटतो, म्हणजे हवेचे पुढचे दार बंद होते. परंतु लाखभर फेऱ्यांच्या वेगाने फिरणारा टर्बोचार्जर त्या क्षणी थांबत नाही. तो हवा ढकलीतच राहतो. बंद दार व फिरता पंप यांच्यामध्ये सापडलेल्या हवेचा दाब एकदम वाढतो आणि ती आल्या वाटेने, कॉम्प्रेसरच्या पात्यांमधून, मागे उसळते. दाब उतरला की कॉम्प्रेसर पुन्हा तिला पुढे ढकलतो. हवेचा हा हेलकावा क्षणभरात अनेक वेळा होतो आणि त्याचा फडफडणारा आवाज येतो. यालाच अभियंते कॉम्प्रेसरचे 'सर्ज' म्हणतात. त्यामुळे दांड्याच्या बेअरिंगवर उलटसुलट भार पडतो आणि चक्राचा वेगही झपाट्याने उतरतो. पुढचा गिअर पडल्यावर तो वेग पुन्हा मिळविण्यात वेळ जातो.

हे टाळण्यासाठी कॉम्प्रेसर व थ्रॉटल यांच्यामधील नळीवर एक झडप बसविलेली असते. झडपेत पडदा किंवा दट्ट्या व त्यामागे स्प्रिंग असते. झडपेच्या माथ्यापासून एक बारीक नळी थ्रॉटलच्या पलीकडील इनलेट मॅनिफोल्डला जोडलेली असते. थ्रॉटल मिटताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होतो आणि ती ओढ झडप उघडते. अडकलेल्या हवेला वाट मिळते व हेलकावा टळतो. अलीकडच्या अनेक मोटारींत ही झडप टर्बोचार्जरच्या अंगावरच असते आणि इंजिनावरील संगणक तिला विजेच्या साहाय्याने उघडतो. तत्त्व मात्र तेच राहते.

या झडपेची 'वेस्टगेट' या दुसऱ्या झडपेशी पुष्कळदा गल्लत केली जाते. वेस्टगेट धुराच्या बाजूस असते. टर्बाइनवर जाणारा जादा धूर ती बाजूने काढून देते व हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. डंप व्हॉल्व्ह ताज्या हवेच्या बाजूस असतो आणि त्याचे काम थ्रॉटल मिटण्याच्या क्षणापुरतेच असते.

आता खरा प्रश्न असा की, झडपेतून सुटलेली हवा जाते कोठे? बहुसंख्य कारखानदार ती एका नळीने परत कॉम्प्रेसरच्या मुखाशी नेऊन सोडतात. हवा त्याच चक्रात फिरत राहते, बाहेर जात नाही आणि आवाजही फारसा होत नाही. बाजारातून आणलेली झडप बसविताना ही परतीची नळी काढून तिचे तोंड बुचाने बंद केले जाते आणि हवा उघड्यावर सोडली जाते. फरक एवढाच असतो. पण तो लहान नाही.

मोजलेली हवा आणि हरवलेली हवा

जुन्या कार्ब्युरेटरऐवजी आज पेट्रोल इंजेक्टरद्वारे सोडले जाते आणि ते किती सोडावयाचे हे संगणक ठरवितो. त्यासाठी आत येणाऱ्या हवेचे वजन कळणे आवश्यक असते. अनेक मोटारींत एअर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच एक हवामापक बसविलेला असतो. त्यातील अतिशय बारीक तार अथवा पातळ पट्टी विजेने तापविलेली असते. हवा जितकी जास्त जाते तितकी ती थंड पडते आणि तिचे तापमान टिकविण्यासाठी लागणाऱ्या विजेवरून हवेचे वस्तुमान समजते. संगणक त्या प्रमाणात पेट्रोल सोडण्याचा आदेश देतो.

येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. प्रथम फिल्टर, मग हवामापक, मग कॉम्प्रेसर, मग इंटरकूलर, मग डंप व्हॉल्व्ह आणि शेवटी थ्रॉटल. म्हणजे झडपेपाशी पोहोचलेली प्रत्येक ग्रॅम हवा मागे मोजली गेलेली असते. ती परतीच्या नळीने कॉम्प्रेसरच्या मुखाशी आली तर ती हवामापकाच्या पुढच्या भागातच राहते. कॉम्प्रेसर तीच हवा पुन्हा घेतो, तितकी नवी हवा फिल्टरमधून ओढली जात नाही आणि हिशेब जुळतो. उलट ती बाहेर सोडली तर कॉम्प्रेसर तिची जागा भरण्यासाठी नवी हवा ओढतो. ही हवाही मोजली जाते आणि तीही उघड्या झडपेतून निघून जाते. संगणकाला वाटते, इंजिनाला भरपूर हवा मिळत आहे. प्रत्यक्षात सिलिंडरपर्यंत फारच थोडी पोहोचलेली असते. दुकानातून माल चोरीस गेला, परंतु वहीत तो शिल्लक दाखविला आहे, अशातलाच हा प्रकार होय.

याचे प्रमाण किती, हे एका ढोबळ उदाहरणावरून ध्यानात येईल. नळ्या व इंटरकूलर मिळून ८ लिटरची पोकळी आहे आणि तीत वातावरणापेक्षा एक बार अधिक दाब आहे असे समजू. झडप उघडल्यावर सुमारे ८ लिटर हवा बाहेर जाईल. तिचे वजन सुमारे ९ ग्रॅम भरेल आणि १४.७ च्या प्रमाणाने तिच्या वाट्याचे पेट्रोल सुमारे ०.६ ग्रॅम होईल. हा आकडा क्षुल्लक भासतो. परंतु लहान पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत संथ चालू असताना तासाला साधारण अर्धा किलोग्रॅम, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.१४ ग्रॅम पेट्रोल घेते. त्या मानाने ०.६ ग्रॅम म्हणजे चार सेकंदांचे इंधन होय. झडप उघडी असताना टर्बोचार्जर जी नवी हवा ढकलतो ती यात धरलेली नाही.

हे सर्व जादा पेट्रोल प्रत्येक वेळी इंजिनात येतेच असे मात्र नाही. पाय पूर्ण उचललेला असेल आणि इंजिन वेगात फिरत असेल तर आधुनिक संगणक इंजेक्टर काही काळ बंदच ठेवतो. दोष प्रकट होतो तो संक्रमणाच्या क्षणी : पाय अर्धवट उचलला असता, भरभर गिअर बदलताना, किंवा वेगातून एकदम उतरून सिग्नलपाशी थांबताना. अशा वेळी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिन अडखळते आणि काही गाड्या चक्क बंद पडतात. गिअर बदलताना धुराच्या नळीतून येणारा 'फट्' असा आवाज बहुधा न जळलेले पेट्रोल तेथे पेटल्याचा असतो. शहरातील वाहतुकीत असे क्षण दिवसातून शेकडो वेळा येतात.

उलट दिशेचा धोका : धूळ

बाहेर उघडणाऱ्या झडपेचा दुसरा दोष पहिल्याच्या नेमका उलट आहे. इंजिन संथ चालू असताना मॅनिफोल्डमधील निर्वात टिकून असतो. झडपेची स्प्रिंग सैल असेल तर ती अशा वेळीही थोडी उघडी राहते. परतीच्या नळीची रचना असल्यास त्याने काही बिघडत नाही. झडपेचे तोंड उघड्यावर असल्यास मात्र त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा हवामापकातून आलेली नसते, म्हणून तिच्या वाट्याचे पेट्रोल सुटत नाही. मिश्रण विरळ होते आणि इंजिनाचे फेरे वरखाली होऊ लागतात.

त्याहून गंभीर बाब अशी की, ही हवा एअर फिल्टरमधूनही आलेली नसते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील रस्त्यांवर किंवा बांधकामे चालू असलेल्या कोणत्याही शहरात हवेतील धुळीचे प्रमाण किती असते हे वेगळे सांगावयास नको. सिलिंडरमध्ये गेलेली बारीक धूळ पिस्टनच्या कड्या व सिलिंडरच्या भिंती घासून काढते. त्याचा आवाज होत नाही. झीज झाल्याचे कळते ते इंजिन तेल पिऊ लागल्यावर.

स्प्रिंग फार कडक ठेवली तर हा धोका टळतो. पण मग झडप हव्या त्या वेळी पुरेशी उघडत नाही आणि हवेचा हेलकावा पुन्हा सुरू होतो. ज्या कामासाठी झडप बसविली तेच काम राहून जाते.

उत्प्रेरकावर पडणारा भार

मोटारीच्या धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करण्यासाठी सायलेन्सरच्या आधी उत्प्रेरक पात्र बसविलेले असते. त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. भारतात मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे पात्र १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचे झाले. शिशाने हा थर निकामी होत असल्यामुळे त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आणले गेले आणि २००० साली ते देशभर लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही अधिक कडक मानके अमलात आली.

हे पात्र कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर एकाच वेळी काम करते. परंतु त्यासाठी हवा व पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ असावे लागते. मिश्रणात पेट्रोल वाढले की ऑक्सिजन अपुरा पडतो व कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर जातो. न जळलेले पेट्रोल पात्रात जाऊन पेटले तर तेथील तापमान वाढते. असे वारंवार घडल्यास आतील ठोकळा वितळतो किंवा फुटतो आणि धुराची वाट तुंबते. पात्र बदलण्याचा खर्च त्या हौसेच्या झडपेच्या किमतीहून अनेक पटींनी अधिक असतो. शिवाय पात्र निकामी झाले तरी गाडी पुष्कळ दिवस चालत राहते. त्या दिवसांत तिचा धूर तिच्या मागून येणारे दुचाकीस्वार व रस्त्याच्या कडेचे विक्रेते श्वासावाटे घेत असतात.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. इंजिनाच्या तेलाच्या टाकीत साचणारी वाफ मोकळी सोडण्यास बंदी असल्यामुळे ती कॉम्प्रेसरच्या मुखाशी आणून पुन्हा इंजिनात जाळली जाते. म्हणजे दाबलेल्या हवेत तेलाचा थोडा अंश असतोच. झडपेचे तोंड उघड्यावर आले की हा तेलकट फवाराही बाहेर पडतो. अशी झडप बसविलेल्या गाड्यांत तिच्या आसपासचे भाग कालांतराने चिकट व काळपट झालेले दिसतात, त्याचे हे एक कारण होय.

सर्व मोटारी सारख्या नाहीत

येथवरचे विवेचन हवामापक असलेल्या मोटारींना लागू पडते. सर्वच मोटारींत हवा मोजली जात नाही. काहींमध्ये थ्रॉटलच्या पलीकडील मॅनिफोल्डमधील दाब व तापमान पाहून आणि इंजिनाचे फेरे ध्यानात घेऊन हवेचे प्रमाण ठरविले जाते. अशा रचनेत झडपेतून गेलेली हवा हिशेबात धरलेलीच नसते, म्हणून ती बाहेर सोडल्याने मिश्रण बिघडत नाही. शर्यतीसाठी तयार केलेल्या पुष्कळ इंजिनांत हीच पद्धत असते. त्यांतून हवा उघड्यावर सोडली तरी चालते, याचे रहस्य त्यात आहे. शर्यतीच्या गाडीला जे सोसते ते घरच्या गाडीलाही सोसेल, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो. रॅलींत नाव कमावलेल्या सुबारू इंप्रेझा व मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या जपानी मोटारींच्या रस्त्यावरील आवृत्त्यांतही कारखान्याने हवामापक बसवून झडपेची हवा परत कॉम्प्रेसरच्या मुखाकडेच नेलेली होती.

काही नव्या मोटारींत दोन्ही प्रकारची मापके असतात आणि संगणक त्यांचे आकडे ताडून पाहतो. हवा बाहेर सोडल्यास हे आकडे जुळत नाहीत आणि चालकासमोरील फलकावर इंजिनाचा इशारादर्शक दिवा लागतो.

डिझेल मोटारींचा प्रकार अगदी निराळा आहे. महाराष्ट्रातील ट्रक, बस, ट्रॅक्टर व जीप यांच्यामुळे टर्बो हा शब्द परिचित झाला तो प्रामुख्याने डिझेल इंजिनांद्वारे. डिझेल इंजिनात शक्ती कमी-अधिक करावयाची ती डिझेलचे प्रमाण बदलून. पाय उचलला तरी हवेची वाट सामान्यतः बंद होत नाही. त्यामुळे हवा अडकत नाही आणि डंप व्हॉल्व्हची गरजच पडत नाही. तरीही डिझेल मोटारींसाठी विजेवर चालणाऱ्या झडपा बाजारात विकल्या जातात. त्या निव्वळ आवाज करतात. त्यांतून हवा गळू लागली तर इंजिनाला हवा कमी पडून काळा धूर मात्र वाढतो.

भारत स्टेज सहा लागू झाल्यानंतर लहान डिझेल मोटारींची संख्या घटली व लहान टर्बो पेट्रोल इंजिने वाढली. एक लिटरच्या आसपासच्या टर्बो पेट्रोल मोटारी आज मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात उभ्या आहेत. या विषयाला आता महत्त्व येण्याचे कारण हेच आहे.

शक्ती वाढते काय?

अशी झडप बसविल्याने गाडीची शक्ती वाढते, असा एक समज आहे. झडप उघडते ती चालकाने पाय उचलल्यावर, म्हणजे शक्ती नको असताना. शक्ती हवी असताना ती घट्ट मिटलेली असणे एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. तेव्हा हवा बाहेर सोडल्यामुळे शक्ती वाढण्याचा संभव नाही. हलक्या प्रतीची झडप दाबाखाली गळू लागली तर शक्ती उलट कमी होते.

मूळ झडपेतील रबरी पडदा काही वर्षांनी फाटू शकतो. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही व वेग वाढविताना हवेचा सूक्ष्म सुस्कारा ऐकू येतो, ही त्याची लक्षणे. तेव्हा झडप बदलणे योग्यच आहे. दणकट दट्ट्याची झडप बसविण्यासही हरकत नाही. मात्र परतीची नळी जागेवर राहिली पाहिजे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात डंप व्हॉल्व्हचा नावाने उल्लेख नाही. परंतु वाहनाचा प्रत्येक नमुना ध्वनी व धूर यांच्या चाचण्यांतून मान्य झालेला असतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या घेणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. या चाचण्या मूळ रचनेच्या वाहनावर होतात. मालकाने नंतर केलेल्या बदलाला त्या मान्यतेचा आधार राहत नाही.

अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घातलेले आहेत. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-ए नुसार अनुज्ञेय नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास अशा प्रत्येक फेरबदलाबद्दल ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास कलम १९०(२) लागू होते. पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. याशिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवतालचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. पोटच्या मुलाला घेऊन रात्री रुग्णालयात बसलेल्या आईला त्या फुत्काराचे कौतुक वाटण्याचे कारण नाही.

गाडीला पी. यू. सी. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे दोष नाही, असेही समजू नये. पेट्रोल मोटारीची ही तपासणी उभ्या गाडीवर, इंजिनावर भार नसताना होते. वर सांगितलेला दोष चालत्या गाडीत, पाय उचलण्याच्या क्षणी उद्भवतो. तो त्या तपासणीत दिसेलच असे नाही.

मोटारधारकाने काय करावे

ज्यांच्या गाडीत अशी झडप आधीच बसविलेली आहे त्यांनी काही लक्षणांकडे लक्ष द्यावे. सिग्नलला थांबताना इंजिन अडखळणे अथवा बंद पडणे, संथ चालू असताना फेरे वरखाली होणे, धुराच्या नळीच्या तोंडाशी काळी काजळी जमणे, पेट्रोलचा वास येणे, पेट्रोलचा खप वाढणे आणि इंजिनाचा इशारादर्शक दिवा लागणे ही ती लक्षणे होत. यांपैकी एकही आढळल्यास प्रथम फिल्टरच्या डब्याजवळ हवामापक आहे किंवा नाही हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे. असल्यास मूळ झडप व परतीची नळी पुन्हा बसवावी, नळ्यांच्या क्लिपा घट्ट कराव्यात, निर्वाताची बारीक नळी तडकलेली नाही याची खात्री करावी आणि संगणकात नोंदले गेलेले दोष पुसून गाडी चालवून पाहावी. काढलेले मूळ भाग फेकून न देण्याची दक्षता कारागिरांनीही घ्यावयास हवी. ते भाग जपून ठेवलेले असले तर ही दुरुस्ती थोडक्या खर्चात होते.

नव्याने झडप बसवू इच्छिणाऱ्यांनी हमीपत्राच्या अटीही वाचाव्यात. मूळ रचनेत केलेल्या बदलामुळे उद्भवलेला बिघाड हमीत बसत नाही, अशी अट त्यांत सामान्यतः असते.

यंत्राची आवड असणे ही चांगली गोष्ट आहे. आज बॉनेट उघडून कुतूहलाने पाहणाऱ्या तरुणांतूनच उद्याचे कारागीर व अभियंते तयार होतात. परंतु यंत्र हाताळणाऱ्याने त्याचा एखादा भाग बदलण्यापूर्वी तो भाग तेथे का ठेवला आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे. डंप व्हॉल्व्हची परतीची नळी ही कारखानदाराने सोडलेली उणीव नाही. मोजलेली हवा हिशेबात राहावी, धूळ आत येऊ नये, तेलाची वाफ बाहेर जाऊ नये आणि शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये, ही चार कामे ती एकटी नळी मुकाट्याने करीत असते.